शेवटची बेरीज

कामावरून येऊन उत्पलानं पर्स खुंटीला अडकवली न अडकवली, तोच लेकीची गणिताची वही तिच्या हातात आली. नववीतल्या सम्यकानं बिल्डिंगमधली माणसं तळमजल्यापासून मजल्यानुसार मोजली होती: सहा, आठ, पाच, चार. शेजारी संचित वारंवारता: सहा, चौदा, एकोणीस, तेवीस.

"संचित म्हणजे काय, समजलं ना?"

"हो वं आई. खालून एकेक मजला मिळवत वर यायचं. शेवटी सारेच येतात."

"मग शेवटचा आकडा एकूण माणसांइतकाच यायले पाहिजे. घरमालकाच्या यादीत बावीस आहेत. तुह्यी बेरीज तेवीस कशी?"

"बेरीज बरोबर आहे. तूच पाहून घे."

उत्पलानं एकेक आकड्यावर बोट ठेवून पाहिलं. बेरीज खरंच बरोबर होती. चुकला होता तो तिसरा मजला, आणि तिथं तर त्यांचं एकट्यांचंच घर. तिला हसू आलं.

"तू, मी न तुहे बाबा. चार काहून लिहिले वं? भुकेच्या तंद्रीत होती का?"

"मावशीले धरलं न मी."

"कोणती मावशी?"

"मी शाळेतून आली की दार उघडून देते ती. मले जेवायले वाढते, वेणी घालून देते. तू यायची वेळ झाली की आतल्या खोलीत जाऊन बसते." सम्यका वहीतून मान वर न काढता म्हणाली, "तूच ठेवली ना तिले कामाले?"