मिठाच्या खड्यातला आवाज

बद्रुद्दीनने पेटी खाटेजवळ ठेवली आणि दार लावून घ्यायला सांगितलं.

"खाट हलवली नाहीस ना?"

"नाय. ती गेली तवापासून तशीच हाय," तुळशीराम म्हणाला.

त्याची बायको गोदू पावसाळ्याआधी गेली. आता मिठागरं पुन्हा सुरू झाली होती, पण तुळशीराम कामावर जात नव्हता.

डॉक्टरांनी गोदूला खाटेवरून उठायची मनाई केली होती. उठलीस तर काळीज बंद पडेल, असं स्पष्ट सांगितलं होतं. तरी ती उठली. तुळशीराम पनवेलहून औषध घेऊन परतला, तेव्हा ती उंबऱ्यावर पडली होती.

ती का उठली, ते कोणालाच कळलं नाही. दहाव्याला कावळा शिवेना. तेव्हा तिचा भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "घोटभर पाण्यासाठी उठली असंल. यानं उशाला तांब्या ठेवला नसंल."

तुळशीरामने तांब्या ठेवला होता. पण ते ऐकल्यापासून त्याची खात्री उरली नव्हती. जेवताना घास अडकला की त्याला गोदूचा कोरडा घसा आठवे.

बद्रुद्दीन त्याचा जुना दोस्त. पनवेलच्या बाजारात त्याचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्याआधी तो मुंबईत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. तिथल्या प्रोफेसरांना मिठाच्या खड्यातून वीज सोडताना एक विचित्र गोष्ट सापडली. यंत्राची ती पेटी जिथे ठेवावी, तिथलं जुनं बोलणं ऐकू येई. प्रोफेसर घाबरले. मरताना त्यांनी पेटी बद्रुद्दीनच्या हवाली केली. मोडून टाक म्हणाले.

"मग मोडली का नाय?"

"तुझ्यासारखे दोस्त नशिबी होते म्हणून." बद्रुद्दीनने मोटारीच्या बॅटरीला तारा जोडल्या. "पण ऐक. साहेब म्हणायचे, गेलेल्या वेळेला भोक पाडू नये. तिकडलं काही इकडे आलं तर?"

"ती आली तर बरंच होईल."

"तोबा कर, तुळशा."

त्याने चकती फिरवायला घेतली. पेटीतून खरखर आली, मग भांड्यांचे आवाज, मग कोणाचं तरी भांडण. शेवटी तुळशीरामचाच आवाज आला. "औषध घेऊन येतो. उठू नको."

तुळशीरामने बद्रुद्दीनचा हात धरला. "हीच. हीच ती सांज."

काही वेळ फक्त गोदूची धाप ऐकू आली. मग शेजारच्या ठमाबाई बोलल्या. "गोदू, मी चुलीवरचा भात उतरवून येते. तिन्हीसांज झालीय. बाहेरून कोणी हाक मारली तर तिसरीलाच ओ दे, बाय. पहिल्या दोन हाका भुताच्या असतात."

गोदू हसली. "भूत येऊन माझं काय नेणार? हाडं?"

तिचं हसणं कसं होतं, ते तुळशीराम विसरून गेला होता. तो खाली बसला.

दार लोटल्याचा आवाज झाला. मग तांब्या वाजला. फुलपात्रात पाणी पडलं. गोदू सावकाश पाणी प्यायली आणि तिने फुलपात्र खाली ठेवलं.

"पाणी होतं!" तुळशीराम म्हणाला. "आयकलंस, बद्रू? तांब्या होता!"

"होता रे. ती तहानलेली नाही गेली. आता बस कर. बंद करतो."

"नको. थांब." तुळशीराम पेटीवर वाकला. "गोदू."

पेटीत नुसती धाप चालू होती.

"येड्या, रेडिओ कधी ओ देतो का?" बद्रुद्दीन म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते.

"गोदू गं..."

काहीच नाही. तुळशीरामने पेटीच्या जाळीला तोंड लावलं. ती गेल्यापासून तो रडला नव्हता. आता त्याला आवरेना. हुंदक्यातच तो ओरडला, "गोदू!"

पेटीतली धाप थांबली. खाट करकरली.

"आले, आले," गोदू म्हणाली. "अवो, बाहेर उभं राहून रडता कशाला? थांबा, मीच येते."