कोळशाखालची जमीन

चंपाबाईनं हात वर केला आणि कडुबानं घाईनं तिचा पदर ओढला. तो नुकताच बोलून खाली बसला होता. उभ्या जन्मात पहिल्यांदा त्यानं माइक धरला होता, आणि वीजकेंद्र बंद करू नका, एवढंच सांगायला त्याला चार वेळा पाणी प्यावं लागलं होतं. आता शेजारी बसलेली त्याची ऐंशी वर्षांची आई काय बोलणार, हे सगळ्या गावाला पाठ होतं.

वीजकेंद्र जुनं झालं होतं. ते बंद करायचं की आणखी काही वर्षं ओढायचं, यावर संभाजीनगरात जनसुनावणी होती. गावाकडून सात जीपा भरून माणसं आली होती. डावीकडं बंद करा म्हणणारे बसले, उजवीकडं चालू ठेवा म्हणणारे. विशाखा नावाची तरुण डॉक्टर गावाच्या खोकल्याची आकडेवारी घेऊन आली होती. तिचं खरं होतं. कामगार पोटापाण्याचं बोलले. त्यांचंही खरं होतं. सुनावणीचे साहेब दोघांकडं बघून सारखीच मान हलवत होते आणि लिहून घेत होते.

कडुबा बसला होता उजवीकडं. त्याचं शेत या केंद्रासाठी गेलं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. केंद्र उभं राहायला आणखी दहा वर्षं लागली, आणि प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्यावर त्याला नोकरी मिळाली. कोळशाची पहिली मालगाडी आली त्या दिवसापासून तो यार्डात डोझर चालवत होता. कोळसा ढकलायचा, ढीग रचायचा. छत्तीस वर्षं हेच. कंट्रोल रूममध्ये बढती तीनदा चालून आली. थंडगार खोली, फिरती खुर्ची. तिन्ही वेळा हा गडी नको म्हणाला. स्वतःच्या मुलीच्या हळदीच्या दिवशीसुद्धा तो एक फेरी यार्डात मारून आला. युनियनचा अतुल तर तोंडावर चिडवायचा, "कडुबाभाऊ, तुमचं लग्न नक्की कुणाशी लागलंय?" कडुबा नुसता हसायचा.

आईचं आणि त्याचं फार गूळपीठ. तो जेवल्याशिवाय ती ताटावर बसत नसे, आणि तिचे पाय चेपल्याशिवाय तो आडवा होत नसे. केंद्राचा विषय निघाला की मात्र घरात शब्द संपायचे. अंगणातली बाज ती चिमणीकडं पाठ येईल अशीच टाकायची. जमीन गेल्याचा राग आहे, असं सगळे समजत. कडुबाही तेच समजत होता.

अतुलनं नाइलाजानं माइक तिच्या हातात दिला.

"बंद करा," चंपाबाई म्हणाली.

डावीकडून टाळ्या पडल्या. साहेबांनी पेन उचललं. "आजी, कारण सांगाल का?"

"माझी लेक हाय तिथं."

साहेबांना कळेना. "म्हणजे कामाला आहे?"

"नाय साहेब. पुरलेली हाय." तिनं माइक दोन्ही हातांनी घट्ट धरला. "करुणा नाव. अडीच वर्षांची व्हती, गोवरात गेली. शेताच्या बांधाला ठिवली तिला. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर बोरीच्या काट्या टाकल्या. वर्साच्या आत शेत गेलं. मंग समद्या रानात कोळशाचे डोंगर उभे राहिले. मालकानं सांगितलं, घरात पोरीचं नाव काढू नको. म्या नाय काढलं. ह्या कडुबाला तर ती आठवत बी नसंल, नऊ वर्साचा व्हता." ती थांबली. तिनं माइक आणखी जवळ घेतला. "मला जमीन नको, काय नको. म्या जित्ती हाय तवर तेवढा कोळसा उचला. लई लहान हो ती. एवढं वझं तिच्या अंगावर."

सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही. विशाखानं हातातले कागद मांडीवर पालथे घातले. साहेबांचं पेन तसंच राहिलं.

कडुबा उठला आणि आईच्या पुढ्यात उकिडवा बसला. छप्पन्न वर्षांचा माणूस, डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं. आईच्या मांडीवरचा माइक चालू आहे, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही. तो हळूच बोलत होता आणि सगळं सभागृह ऐकत होतं.

"माय, मला वाटलं तूच इसरलीस. इसरली आसंल तर कशाला आठवण द्यायची, म्हणून बोललो नाय कधी."

चंपाबाईनं पदरानं त्याचे डोळे पुसले.

"म्या व्हतो की बाबांसंगं, तिला ठिवताना. ती जागा मला अंधारात बी घावंल. केंद्र बंद झालं की यार्डाला कुलूप लागंल, मंग तिथं ध्यान कोण ठिवंल, म्हणून म्या चालू ठेवा म्हणत व्हतो." त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "पूर्वेच्या भिंतीकडं दहा पावलं मोकळी जागा हाय, माय. यील त्या साहेबाला सांगतो, तिथं जमीन खचती, डोझर रुततो. दुसऱ्या पाळीच्या पोरांना बी म्या तसंच शिकवलंय. छत्तीस वर्सांत तिच्या अंगावर एक पाटीभर कोळसा पडू दिला नाय."