नवसाचा उपास

पोरगा विषमज्वरातून उठला तो पीराच्या नवसाने की मिशन दवाखान्यातल्या औषधाने, याच्या खोलात रिबकाबाई कधी गेली नाही. नवस शेजारच्या मेहरूनबीने बोललेला, औषध नर्स सलोमीबाईने पाजलेलं. म्हणून नवस फेडायला तिघी मिळूनच चाळीसगावाबाहेरच्या दर्ग्यावर आल्या.

मेहरूनबी दह्यातलं मटणच आणणार आणि आपल्या बेने इस्राएल यहुद्यांत मांस नि दूध-दही एकत्र चालत नाही, हे तिला तोंडावर सांगायचं कसं? रिबकाबाईने पुऱ्यांचा डबा गुपचूप पिशवीत घातला होता. चादर चढवून तिघी लिंबाखाली टेकल्या तशी ती म्हणाली, "मला आज उपास आहे." बोलताना तिचे कान तापले.

मेहरूनबीने फडक्याची गाठ सोडली. आत खोबरं घातलेला पोह्यांचा मलिदा होता. रिबकाबाई एलियाहू नबीच्या नावाने घरी करायची, अगदी तसाच.

"बठ्ठा तुमना घरसारखाच करेल शे. नारळ सलोमीबाईनी खवी दिन्हा. पण तुम्ही उपाशी, मंग आमना गळाखाले कसा उतरी? उपास सुटना का तिन्ही मिळीसन खाऊत."



मेहरूनबीने गाठ पुन्हा मारली आणि ते गाठोडं ठेवायला रिबकाबाईची पिशवी उघडली.