वरच्या मजल्यावरची

"आधी नुसता वास," सेल्वी म्हणाली. "निदान आठवडाभर. एकमेकींचं तोंड दिसता कामा नये."

तिच्या वडिलांनी, नाझमीबाबांनी, चौकटीच्या वहीत लिहून घेतलं. फेरीबोटीच्या इंजिनरूममध्ये चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं अक्षर, ठसठशीत आणि सरळ. वही सेल्वीनेच दिली होती. तिच्या प्रयोगशाळेत ऑलिव्ह तेलाच्या नमुन्यांची नोंद अशाच वह्यांत होत असे.

"आणि मग?"

"मग जेवण. दाराच्या अलीकडे एकीचं, पलीकडे दुसरीचं. वास आला की चांगलं खायला मिळतं, हे डोक्यात बसलं पाहिजे. मग दार थोडं किलकिलं करायचं. भेट सगळ्यात शेवटी. जुनीला उचलून नवीच्या पुढ्यात ठेवायचं नाही. ती आपल्या पायांनी येईल. आणि तिची जागा कुणी घ्यायची नाही."

"पोरी, मांजर आणायचंय की परदेशचा राजदूत?"

"हसा तुम्ही. आई गेली तेव्हा कोमुरने नऊ दिवस तोंडात काही घेतलं नव्हतं. पुन्हा तसं झालं तर मूत्रपिंडं टिकणार नाहीत, डॉक्टरांनी बजावलंय."

"विसरेन कसा? तेव्हा या घरात दोघीजणी जेवत नव्हत्या."

कोमुर खिडकीजवळच्या खुर्चीत गोळा होऊन झोपली होती. काळी, थोराड, कानाचा एक कोपरा तुटलेला. ती खुर्ची आईची. दोन वर्षांत तिच्यावर कोमुरशिवाय कुणी बसलं नव्हतं.

"पण आहे कशी ती?"

"वरच्या मजल्यावरची. वयाने मोठी, शांत. जूनअखेर घर सोडावं लागणार, दुसरं ठिकाण नाही."

"वर तर मुअल्ला हनीम राहते. त्या बाईने मांजर कधी पाळलं?"

"तू दिवसभर तेलं हुंगत असतेस. जिन्यात काय चाललंय ते तुला काय कळणार?"

सोमवारी वासासाठी वरून राखाडी लोकरीची शाल आली. बाबांनी ती स्वयंपाकघरात, सेल्वीच्याच खुर्चीवर टाकली होती. तिने ती उचलून कोमुरपुढे धरली. कोमुरने एकदा हुंगली आणि शालीवरच अंग टाकलं. फुसकारणं नाही, पाठीचे केस उभे राहणं नाही.

सेल्वीला ते पटेना. तिने शाल स्वतःच्या नाकाशी नेली. लॅव्हेंडर, इस्त्रीची ऊब, किंचित कॉफी. मांजर जवळजवळ नाहीच.

"धुतलेली आहे ही. न धुतलेलं काहीतरी आणा."

"बघतो. वास कसा वाटला?"

"मला काय विचारता? बरा आहे."

बाबांनी वही उघडली.

त्या आठवड्यात दक्षिणेचं वारं सुटलं. कार्शियाकाच्या धक्क्यावर बोटी बंद, डोकी जड, खिडक्या रात्रंदिवस खडखडत. सेल्वीचं कशात लक्ष लागेना. रोज सकाळी ती कोमुरचं उरलेलं खाणं काट्यावर ठेवी. आकडे ठीक होते. तरी दुपारी हातातला नमुना बाजूला ठेवून ती घरी फोन लावायची.

"खाल्लं का तिने?"

"खाल्लं. तू खाल्लंस का?"

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी संध्याकाळी, टेबलावर अनोळखी निळं वाडगं होतं. शेपू घातलेली आर्टिचोकची भाजी.

"हे कुठून?"

"वरून."

"मांजर आपल्या गळ्यात मारायचं म्हणून लाच का?"

"आधी खा, मग बोल."

तिने दोन घास खाल्ले. "लिंबू कमी आहे," म्हणाली, आणि वाडगं सरकवलं. शेजारचं वाडगं रिकामं परत जात नाही, म्हणून घरातली बिस्किटं त्यात भरली.

पुढच्या मंगळवारी तेच वाडगं पुन्हा आलं. या खेपेला लिंबू बरोबर होतं.

मग बाबा जिन्यात गप्पा मारायला लागले, घराचं दार अर्धवट उघडं टाकून. सेल्वी आतून ऐके. वरून हसू यायचं, बसक्या आवाजातलं. कोमुर कान हलवत नसे. सेल्वीच मग उगाच उठून ओट्यावरची भांडी इकडची तिकडे करायची.

शनिवारी वाडग्यातून वांग्याची भाजी आली. सेल्वीने ती पावाने पुसून खाल्ली. मग रिकामं वाडगं धुऊन ठेवलं आणि तांदूळ काढले. आई करायची तशी दुधातल्या तांदळाची खीर, वरची साय भट्टीत तपकिरी होईपर्यंत भाजलेली, वर कुटलेले हेझलनट. दोन वर्षांत तिने ती केली नव्हती.

"वर देऊन या. गरम आहे, खालून धरा."

रविवार भेटीचा. बाबांनी दाढी केली, गालांना कोलोन चोळलं. बाल्कनीतली घडीची खुर्ची आणून न्याहारीच्या टेबलाशी मांडली.

"ही कशाला?"

"मुअल्ला हनीम येतेय ना. तुझ्या आईच्या खुर्चीवर नको. जुनीची जागा कुणी घ्यायची नाही, तूच म्हणालीस."

"टोपली न्या हो. जिन्यात हातातून निसटली तर?"

"नाही निसटायची."

ते वर गेले. सेल्वीने खिडक्या लावल्या. भांडण जुंपलंच तर मध्ये टाकायला जाड टॉवेल घेतला. कोमुर झोपलेलीच.

काही राहिलं तर नाही, म्हणून तिने टेबलावरची वही उघडली.

सोमवार. शाल. हुंगली. फुसकारली नाही.

छान. नमुन्यांची नोंद करावी तशी.

गुरुवार. पहिलं जेवण. दोनच घास. वाडगं सरकवलं.

सेल्वीने भुवया आक्रसल्या. कोमुरचं खाणं तर ती स्वतः मोजत होती. गुरुवारी ताटली चाटूनपुसून साफ होती.

मंगळवार. लिंबू वाढवलं. सगळं संपवलं.

जिन्यात पावलं वाजली. दोन माणसांची. टोपलीची कुरकुर नाही, म्यावही नाही.

शनिवार. आईची खीर करून वर पाठवली. मी सांगितलं नव्हतं.

कुलपात किल्ली फिरली. पानावर एकच ओळ उरली होती.

रविवार. दार उघडायचं. सेल्वीला हात धरून पुढे आणायचं नाही. ती आपल्या पायांनी येईल.