तीन सदस्यांची समिती

भोपाळच्या सरकारी कारखान्याच्या रेकॉर्ड विभागाला एकच कीबोर्ड घ्यायचा होता, पण नियम म्हणजे नियम. खरेदी समिती तिघांची हवी. वापरणारे विश्वासराव, विभागप्रमुख विश्वासराव आणि लेखा-प्रतिनिधी, तेही विश्वासरावच. बाकीचे अडतीस जण निवृत्त होत गेले आणि त्यांचे कार्यभार एकेक करून यांच्या टेबलावर येऊन बसले.

आनंद नगरचा दुकानदार दिगंबर कीबोर्डच्या कळांखाली बसणाऱ्या स्विचचे नमुने मांडून समोर बसला होता. “लाल हलका आहे, गेम खेळणारी पोरं तोच नेतात. तुम्हाला टायपिंगला निळा.”

विश्वासरावांनी निळा दाबला. टक्! तो आवाज रिकाम्या हॉलच्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत आरामात चहा झाला असता.

“बोटांना हाच बरा,” ते पहिल्या खुर्चीवरून म्हणाले. मग दुसऱ्या खुर्चीवर सरकून त्यांनी चष्मा चढवला. “पण शेजारच्या टेबलांना त्रास होईल, त्याचं काय?”

“शेजारी आहे कोण, साहेब?” दिगंबर हसला. “फायनल करून टाका ना! चौथी चक्कर आहे माझी.”

“बरं, तुझंच खरं,” म्हणत विश्वासरावांनी दोन सह्या ठोकल्या. दिगंबर खूश होऊन सामान आवरू लागला. त्याच्या बॅगेची चेन लागताना पाहून विश्वासराव घाईघाईने तिसऱ्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी लिहिलं, ‘मी असहमत. पुढील बैठक बुधवारी. विक्रेत्याने सर्व नमुन्यांसह स्वतः हजर राहावे.’