वाटीभर शकुन

शुभ कामाला कुणी निघालं, की सुभद्राबाई त्याच्या हातावर दहीसाखर ठेवणारच. नातवाला ऑपरेशनसाठी उपाशी आणा म्हटलं होतं, पण शकुन म्हणजे जेवण नव्हे. सून पाण्याला गेल्यावर त्यांनी पोराला वाटीभर चारली. जन्मापासून त्याची शी पोटावरच्या भोकातून पिशवीत यायची. आज ते बुजणार होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, “काही खाल्लंय?” “पाणीसुद्धा नाही,” सून म्हणाली. “बरं. पोटात अन्न असलं, तर भुलीत उलटी श्वासात जाते, पोर दगावतं.” गल्लीला गप्प करणाऱ्या सुभद्राबाई पुढे झाल्या. मग म्हणाल्या, “तिला काय विचारता? मी चारलंय दही.” ऑपरेशन रद्द. पोरांना भूल देणारे ते एकटेच. या दवाखान्यात त्यांची पुढची फेरी दिवाळीनंतर. परतीच्या एसटीत गोडादऱ्याच्या थांब्यापर्यंत सून बोलेना. “माले शिव्या तरी दे,” सुभद्राबाई म्हणाल्या. सुनेने पोराला त्यांच्या मांडीवरून उचलून घेतलं.