बाहेरची कडी

कडी दाराच्या बाहेरच्या बाजूला होती.

नातीनं आधी पाहिली नव्हती. खांद्यावर पेंगुळलेलं बाळ आणि आजीच्या खोलीतला रिकामा पलंग, तिला एवढंच दिसत होतं. बाळाला निजवून तिनं बाहेर येऊन दार ओढलं, तेव्हा हाताला गार लोखंड लागलं. जुनी, जाडजूड कडी. आतून मात्र दाराला काहीच नव्हतं.

म्हणजे आतल्या माणसाला कोंडायची सोय. आणि आत झोपायची ती आजी.

बसवलीही होती कशीबशी. स्क्रू तिरके, फळीवर हातोडा चुकल्याचे वण. अर्ध्या गावाची दारं आजोबांनी केलेली, केसाएवढी फट राहिली तरी दार उतरवून पुन्हा बसवणारा तो माणूस. हे काम त्यांनी रागाच्या भरात केलं असणार, असं तिच्या मनात आलं आणि काही केल्या जाईना. याच हातांनी तिला लाकडी घोडा करून दिला होता. ते आठवून तिला रडू आलं, आणि संतापही आला.

खाली नुकत्याच गेलेल्या आजोबांच्या आठवणी सांगायला घरचे, शेजारचे सगळे जमले होते. उसन्या आणलेल्या खुर्च्यांच्या मधोमध आजी बसली होती. एवढीशी, हात मांडीवर, नजर जमिनीवर. तिला उठायचं असतं तरी वाट नव्हती.

"एक रात्र म्हणून घर सोडलं नाही गड्यानं," वखारवाला सांगत होता. "परगावच्या शाळेचं काम आलं होतं. सगळी दारं, सगळ्या खिडक्या! मुक्काम पडेल म्हटल्यावर सरळ नाही म्हणाला. बायकोवेडा म्हणून चिडवायचो आम्ही त्याला."

सगळे हसले.

"हिला तळहाताच्या फोडासारखं जपलं हो," शेजारची म्हातारी म्हणाली. "पहिली मुलगी तापानं गेली, तेव्हापासून तर जास्तच. रात्री कधी बघावं तर हिच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसलेले."

"सुऱ्यासुद्धा कुलपात असायच्या रात्री," मामा म्हणाला. "आईला लागेल म्हणून! आणि किल्ली बाबांच्या कमरेला. माझ्या लग्नातसुद्धा जेवणं उरकली तशी आईला घेऊन घरी. मुक्काम नाही म्हणजे नाही."

पुन्हा हशा. कुणीतरी डोळे पुसले. प्रेमळ नवरा, प्रेमळ बाप, प्रेमळ आजोबा. जो उठेल तो तेच सांगत होता. या गोष्टी नात लहानपणापासून ऐकत आली होती आणि हसतही आली होती. आज तिला हसू येईना. पन्नास वर्षं एका बाईला कोंडून ठेवलं आणि गाव त्याला माया म्हणतंय! तिनं आजीकडे पाहिलं. आजीची नजर अजून जमिनीवरच होती.

ती स्वयंपाकघरात गेली. तिची आई कप विसळत होती.

"आई, आजीच्या दाराला बाहेरून कडी का?"

आईनं नळ बंद केला. "आहे ती आधीपासून."

"रात्री लावायचे आजोबा?"

"लावायचे. आम्ही कधी विचारलं नाही."

"एकदाही?"

"मोठ्यांना असं विचारायची पद्धत नव्हती गं आमच्यात."

"आणि आता?"

"आता मामा लावतो. बाबांनी शेवटी बजावलं होतं त्याला, कडी विसरू नकोस म्हणून."

माणूस गेला तरी पहारा उठला नव्हता! नातीनं आजोबांच्या हत्यारांच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि सरळ वर गेली.

स्क्रू गंजले होते. पहिल्यानंच तळहात सोलला. पण ती हट्टाला पेटली होती. शेवटचा निघाला आणि कडी खणकन हातात आली. आत बाळ चाळवलं, पण उठलं नाही.

जिन्यावर पावलं वाजली. आजी धापा टाकत वर आली. नातीच्या हातातली कडी पाहून तिनं कठडा धरला.

"हे काय केलंस?"

"जे कुणीतरी फार आधी करायला हवं होतं." नात म्हणाली. "आजी, तू आजच्या आज आमच्याकडे यायचं. मी आता तुला इथं ठेवणार नाही."

"नको बाळा. मी इथंच बरी."

"सवय झाली तुला म्हणून असं वाटतंय. आमच्या घरात एका दाराला कडी नाही. बाळाच्या खोलीत तुझा पलंग टाकते. रात्री वाटेल तेव्हा ऊठ, हवं तिथं फिर, तुला कुणी अडवणार नाही."

आजीचा चेहरा पांढराफटक पडला. ती पुढे झाली आणि नातीचा सोललेला हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"यांना बोल लावू नकोस. कडी मी ठोकली होती, हे कामावर गेलेले असताना. रोज रात्री लावायची, म्हणून मीच शपथ घातली होती यांना."

"तू? कशासाठी?"

आजीनं दाराकडे पाहिलं. आत झोपलेल्या बाळाचा श्वास ऐकू येत होता.

"मी झोपेत चालते. उठते, घरातली कामं करते, आणि सकाळी काही आठवत नाही. आमची पहिली मुलगी तापानं गेली असं यांनी सगळ्यांना सांगितलं, शेवटपर्यंत तेच सांगितलं. तशी नाही गेली ती. रात्री झोपेतच मी तिला पाळण्यातून उचललं, आंघोळीला नेलं, आणि पाण्यात तशीच सोडून परत येऊन निजले. सकाळी पाळणा रिकामा दिसला, तेव्हा पहिली किंकाळी माझीच होती."